टेलच्या शेतकऱ्यापर्यंत इंटरनेट पोहोचले पाहिजे



या अंकात दरवर्षी आम्ही बेणे, खते, पाणी, खोडव्याची निगा अशा विषयांवर लिहीत असतो. यंदा विषय थोडा निराळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि इंटरनेटचा काय संबंध, असे काही सभासदांना वाटेल. आम्हालाही दोन वर्षांपूर्वी तसेच वाटत होते. परंतु मागच्या हंगामात एक प्रसंग घडला आणि हा विषय आपल्या फडापर्यंत येऊन ठेपला आहे, याची आम्हाला जाणीव झाली.

आमच्या गटातील एका वयस्कर सभासद भगिनीचा सव्वा एकर आडसाली ऊस तोडणीस आला होता. पाळीपत्रकाप्रमाणे तिचा नंबर लागला. कार्यालयातून मोबाईलवर संदेश गेला की अमुक तारखेला टोळी येईल, फडाला पाणी देऊ नये. ठरल्या दिवशी टोळी गेली तर फडात चिखल. रात्रपाळीची लाईट आली म्हणून बाईने दोनच दिवसांपूर्वी पाणी पाजले होते. ट्रॅक्टर आत शिरेना. मुकादमाने टोळी पुढच्या फडाकडे वळवली. त्यानंतर तिची तोड तीन आठवडे लांबली. उन्हाचा कडाका वाढला, तुरा आलेला ऊस पोकळ पडू लागला आणि वजनात जी घट यायची ती आली.

बाई गट कार्यालयात आल्या. आम्ही त्यांना संदेश गेल्याची नोंद दाखवली. तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, निरोप दिलाय म्हणताय, मग कुणाला दिला? माझ्याकडं तर फोनच न्हाई."

नोंद तपासली. त्यांच्या नावापुढे पुतण्याचा नंबर होता. पुतण्या पुण्याला कंपनीत कामाला, आणि त्याने मधल्या काळात नंबर बदललेला. संगणक बरोबर होता, तारीख बरोबर होती, संदेशही गेला होता. फक्त जिचा ऊस, तिलाच पत्ता नव्हता.

चूक कोणाची? आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो, चूक आमच्या शेतकी खात्याची. पूर्वी चिटबॉय सायकलवरून वस्तीवर जाऊन "मावशी, परवा टोळी येणार हाय, पाणी सोडू नगा" असे सांगून येत असे. मोबाईल आला आणि आम्ही ती फेरी कमी केली. नवी सोय केली, पण ती कोणापर्यंत पोहोचते आणि कोण बाहेर राहते, हे पाहिले नाही.

कालव्यात पाणी आले म्हणजे शेतात आले असे नव्हे

आपल्याकडे कालव्याचे पाणी सुटले की हेडचा शेतकरी दोन पाळ्या घेतो आणि टेलचा शेतकरी पोटचारीत उभा राहून वाट पाहतो. कागदावर दोघेही लाभक्षेत्रात असतात. पाणीपट्टीची नोटीसही दोघांना येते. इंटरनेटचे नेमके असेच झाले आहे.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. आज त्याचा कालवा खूप लांबवर आला आहे, हे मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारच्या माहितीनुसार एप्रिल २०२४ मध्ये देशातील ६ लाख ४४ हजार १३१ गावांपैकी ६ लाख १२ हजार ९५२ गावांत थ्रीजी किंवा फोरजी मोबाईल सेवा पोहोचली होती. म्हणजे शंभरातली पंचाण्णव गावे झाली. हा आकडा ऐकून काम संपले असे वाटते.

आता दुसरा आकडा पाहा. मार्च २०२४ मध्ये देशात इंटरनेटच्या जोडण्या ९५ कोटी ४४ लाख होत्या. त्यातल्या ग्रामीण भागातील ३९ कोटी ८३ लाख. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभर माणसांपैकी सुमारे ६९ माणसे खेड्यात राहत होती, पण जोडण्यांत खेड्याचा वाटा शंभरात ४२ सुद्धा भरत नाही. गावात पाणी आले, घरात आले नाही, असा याचा अर्थ.

घरातही सगळ्यांना सारखे मिळत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक साधा प्रश्न विचारला होता : तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरले आहे काय? खेड्यातील शंभर पुरुषांपैकी सुमारे ४९ जणांनी होय म्हटले. स्त्रियांपैकी फक्त २५ जणींनी. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांत हा फरक आहे. शेताचे निम्मे काम बायामाणसे करतात, कित्येकींच्या नावावर शेअर आहे, सातबारा आहे. पण फोन मालकाच्या खिशात किंवा मुलाच्या हातात.

पाणी अडते कोठे?

आम्ही गटातील वस्त्यांवर हिंडून याचा थोडा मागोवा घेतला. तीन ठिकाणी पाणी अडते असे दिसले.

पहिले, सिग्नल. गावठाणात फोन चालतो, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीवर चालत नाही. सरकारी हिशेबात ते गाव जोडलेले असते. डोंगराच्या आडोशाला असलेल्या मळ्यातला माणूस फोन लावायला बांधावर चढतो, हे आपण रोज पाहतो.

दुसरे, साधन. पुष्कळ घरांत मोठा फोन एकच असतो. तो मुलगा कामाला जाताना बरोबर नेतो. राहतो तो बटणाचा फोन, त्यावर बोलणे होते, फार तर संदेश येतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यातील शंभर घरांपैकी फक्त १५ घरांत इंटरनेटची सोय आढळली होती, शहरात ४२ घरांत. संगणक तर खेड्यात शंभरात चार-पाच घरांत होता. त्यानंतर मोबाईल बरेच वाढले, पण २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा या फरकाची झळ आपल्या मुलांना बसली. एका फोनवर तीन भावंडांचे वर्ग, हे चित्र कोणी विसरले नसेल.

तिसरे, सराव. फोन आहे, सिग्नल आहे, पण हात धजावत नाही. कोणते बटण दाबले तर पैसे जातील ही धास्ती असते, आणि ती अगदीच खोटी नाही. "बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा" म्हणून फसवणारे पुष्कळ आहेत. म्हणून मग सगळे व्यवहार गावातल्या कोणा चलाख माणसाच्या हवाली होतात. तो भला असला तर ठीक. आपली कागदपत्रे, अंगठा आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देऊन बसणे म्हणजे सहीचा कोरा कागद देण्यासारखेच आहे.

काम फोनवर गेले, माणूस मागे राहिला

इंटरनेट ही करमणुकीची वस्तू असती तर आम्ही या पानावर तिचा विषय काढला नसता. ज्याला हवी त्याने घ्यावी, नको त्याने सोडावी. परंतु शेतकऱ्याची कामे एकेक करून तिकडे गेली आहेत.

२०१७ साली राज्य शासनाच्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाईन भरायचे होते. सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा आपण पाहिल्या, कित्येकजण त्या रांगांत उभेही राहिले. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तलाठी कार्यालयाचे हेलपाटे वाचले, ही मोठीच सोय झाली. २०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद आपणच शेतात उभे राहून फोटोसह करायची. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज ऑनलाईन, पीएम-किसानची ओळख-पडताळणी ऑनलाईन. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ऊस नोंदणीसाठीही मोबाईल ॲप आणले.

यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे. आम्ही तिच्या विरोधात मुळीच नाही. ज्याला जमते त्याचा वेळ, गाडीभाडे आणि चहापाण्याचा खर्च वाचतो. पण ज्याला जमत नाही त्याचे जुने दारही हळूहळू बंद होते. पूर्वी दोघेही एकाच रांगेत उभे असत. आता एकाला रांग नाही आणि दुसऱ्याला रांगही सापडत नाही. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या प्रत्येक ठिकाणी अडचण येते. म्हणून टेलच्या माणसाचे नुकसान आता दुप्पट आहे.

वारणेचा धडा

या कामी सहकारी साखर कारखान्यांनी काही केले आहे काय? केले आहे, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात.

तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकार परिसरात १९९८ साली एक प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणेची संस्था यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडायचे ठरवले. त्या वेळी तालुक्याच्या गावी सुद्धा संगणक म्हणजे नवलाची गोष्ट होती. गावोगावी संगणक केंद्रे निघाली. ऊस नोंद, वजन, खताची मागणी ही कामे तेथून होऊ लागली. कारखान्यावर हेलपाटा न घालता आपल्या उसाचे वजन गावातच कळू लागले.

पुढे अडचणीही आल्या. संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला. अनेक गोष्टींसाठी आणलेला संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबापुरताच वापरला जाऊ लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तेथे एक साधा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी मोबाईलचे संदेश वापरून पाहिले. संगणकावरची सगळी कामे साध्या संदेशावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक पसंत पडले.

वारणेकडून आपण दोन गोष्टी घ्याव्यात असे आम्हाला वाटते. एक, सहकारी संस्थेने मनावर घेतले तर सरकारच्या आधी खेड्यात सोय आणता येते. दोन, महागडे यंत्र आणून ठेवले म्हणजे काम झाले असे नाही. शेतकऱ्याच्या हातात जे साधन आहे, त्यावर त्याच्या रोजच्या गरजेची गोष्ट पोहोचली तरच तो ते वापरतो.

शेतकऱ्यांनीच चर खणले

आता जरा लांबचे उदाहरण सांगतो. इंग्लंडच्या उत्तर भागात लँकेशायर नावाचा परगणा आहे. तेथे मेंढ्या आणि गुरे पाळणाऱ्यांच्या वस्त्या डोंगरावर विखुरलेल्या आहेत. मोठ्या टेलिफोन कंपन्यांना तेथे तार नेणे परवडत नव्हते. घरे थोडी, अंतर जास्त. श्रीमंत देश असूनही ही माणसे टेललाच राहिली होती.

२०११ साली तेथील लोकांनी आपली संस्था काढली. तिचे नाव बी-फॉर-आर-एन. लोकांनी शेअर घेतले. ज्यांच्या शेतातून तार जायची त्यांनी जागा विनामोबदला दिली. शेतकऱ्यांनी आपल्याच ट्रॅक्टरने आपल्याच रानात चर खणले, गावकऱ्यांनी तार अंथरली, आणि खणण्याच्या कामाचा मोबदला काहींनी शेअरच्या रूपाने घेतला. डोंगरातल्या त्या घरांना शहरालाही हेवा वाटावा असा, सेकंदाला एक गिगाबिट वेगाचा इंटरनेट मिळाला.

हे वाचताना आम्हाला परके असे काही वाटले नाही. आपल्या वाडवडिलांनी पै-पै जमवून शेअर घेतले आणि कारखाना उभा केला. उपसा सिंचनाच्या पाईपलाईनीही गावागावांत अशाच झाल्या. "माझ्या रानातून चर न्या, पण पाणी वर चढवा" असे म्हणणारी माणसे आपल्याकडेही होती. आपल्याकडील कायदेकानू वेगळे असल्यामुळे लँकेशायरसारखेच सगळे करता येईल असे नाही. पण वाट पाहत बसण्यापेक्षा चार घरे एकत्र आली तर काय होते, हे त्यावरून समजते.

सरकारचा कालवा आणि आपली चारी

सरकारनेही या कामी मोठी तरतूद केली आहे. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमास मंजुरी मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली. तिच्याखाली किराणा दुकानदार, चहावाला असा कोणीही परवान्याशिवाय आणि नोंदणी शुल्काशिवाय आपल्या दुकानात सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ होते. घरोघरी फोन नसतानाही त्या एका बूथवरून सगळे गाव मुंबई-पुण्याला बोलत होते. वायफायचे तसेच करता येईल.

शिकवण्याचे कामही झाले. ग्रामीण कुटुंबांतील एकेका व्यक्तीस डिजिटल साक्षर करण्याचे अभियान २०१७ ते मार्च २०२४ पर्यंत चालले. त्यात देशभर ६ कोटी ३९ लाख लोकांना शिक्षण मिळाले. पण शेतकामासारखेच हेही आहे. लागण कशी करावी हे एकदा ऐकून येत नाही, हाताने सरी ओढावी लागते. वर्गात शिकलेले घरी गेल्यावर विसरते, म्हणून जवळ विचारायला कोणी तरी हवे.

आमच्या खात्याने ठरवले आहे

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आम्ही व आमच्या सहकाऱ्यांनी बसून विचार केला. येत्या हंगामासाठी शेतकी खात्याने पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

१. ऊस नोंद घेताना प्रत्येक सभासदाचा नंबर जागेवरच फोन लावून तपासला जाईल. फोन दुसऱ्याचा असेल तर तो कोणाचा, हेही लिहून घेतले जाईल.

२. ज्यांच्याकडे फोन नाही अशांची वेगळी यादी होईल. त्यांच्या वस्तीवर तोडीचा निरोप चिटबॉयने समक्ष जाऊन द्यावयाचा आहे. निरोप पोहोचल्याची खूण त्याने वहीत घ्यावयाची आहे.

३. तोडणी प्रोग्रॅम सोसायटीच्या फलकावर आणि गट कार्यालयाच्या दारावर पूर्वीप्रमाणे कागदावर लावला जाईल.

४. आठवड्यातून एक दिवस, बाजारच्या दिवशी, गट कार्यालयात एक मदतनीस ई-पीक पाहणी व इतर अर्जांसाठी बसेल. तो अर्ज भरून देणार नाही, सभासदाच्या हातून भरून घेईल. वेळ जरा जास्त जाईल, पण दुसऱ्या खेपेला सभासद आपला आपण करू शकेल.

सभासदांनी काय करावे

आमच्या बाजूने एवढे झाले तरी सभासदांच्या साथीवाचून हे काम पुरे होणार नाही. म्हणून काही विनंत्या.

नंबर बदलला तर गट कार्यालयास त्याच आठवड्यात कळवा. घरातील शेअर ज्या भगिनीच्या नावावर आहे, तिचा स्वतःचा नंबर नोंदवा, आणि फोन तिच्या हाती द्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीत एक काम अंगावर घ्यावे. आपल्या आजी-आजोबांना, शेजारच्या काका-काकूंना फोनवर आपला सातबारा पाहायला शिकवावे. "तुला नाही जमायचं, आण इकडं" असे म्हणू नये. ई-पीक पाहणीत एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ज्याच्याकडे चांगला फोन आहे त्याने भावकीतल्या दोन घरांची नोंद, त्यांना बरोबर घेऊन, करून द्यावी.

येत्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची तार आली आहे काय? आली असेल तर ती चालू आहे काय? त्यावरून शाळा, दवाखाना, सोसायटी यांना जोडणी मिळाली आहे काय? विचारणारा असला तर चारी साफ राहते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

ओटीपी कोणालाही सांगू नका, मग समोरचा कितीही गोड बोलो. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

शेवटी त्या भगिनीविषयी. आम्ही नंतर त्यांच्या मळ्यावर जाऊन आलो. घटलेले वजन काही आम्हाला परत देता आले नाही. पुतण्याने जुना फोन पाठवून दिला आहे. शेजारची नववीतली पोर त्यांना तो शिकवते आहे. संदेश अजून वाचता येत नाही, पण आलेला फोन उचलणे आणि मुलीला लावणे जमू लागले आहे. निघताना त्या म्हणाल्या, "साहेब, फोन शिकतेच मी, पण तुमचं पोरगं सायकलवर येत हुतं, त्येला बंद करू नगा."

त्यांचे म्हणणे आम्हाला पटले. फोन सर्वांच्या हाती येईपर्यंत सायकल बंद होणार नाही, असे आम्ही त्यांना सांगून आलो आहोत, आणि येथे सर्व सभासदांसमोर तेच पुन्हा सांगतो. यात कोठे कसूर दिसली तर गट कार्यालयात येऊन आम्हाला जाब विचारावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते